स्टेशनपासून पाच मिनिटं

पंचशीलानं रविवारी अख्खी कॉलनी टेपनं मोजली. घरापासून फलाटापर्यंत सरळ रेघेत तीनशे दहा मीटर. रस्त्यानं एक हजार आठशे चाळीस. सातही गल्ल्या मागच्या भिंतीपाशी खुंटायच्या. भिंतीपलीकडं बाभळीचं मोकळं रान आणि लगेच स्टेशन. पण बाहेर पडायचं तर उलट्या दिशेनं, एकसष्ट दारांवरून वळसे घेत, मोठ्या रस्त्यालाच लागायचं.

ही रचना गुरुपादप्पांची. डाळ मिल बंद करून त्यांनी तिथं प्लॉट पाडले, मागं भिंत घातली आणि पुढं बोर्ड लावला : स्टेशनपासून पाच मिनिटं.

पंचशीलाला उदगीरच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नुकतीच नोकरी लागली होती. दुष्काळानं गावोगावच्या बोअरचं उरलंसुरलं पाणी बाटल्यांतून तिथं येत होतं, आणि उदगीरचा जिल्हा होणार म्हणून साहेबही जोरात होते. लातूरहून सकाळची गाडी तिची दोनदा चुकली होती. तिसऱ्यांदा चुकली तर यादीतल्या पुढच्या नावाला बोलावू, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. लवकर निघावं तर पाण्याचा टँकर आडवा. तो भिंतीपाशी उभा राहायचा, आईला एकटीला पाइप आवरायचा नाही, आणि तिचा ड्रम भरेपर्यंत गाडीला पंधरा मिनिटं उरलेली असायची.

कागद घेऊन ती गुरुपादप्पांकडं गेली.

"अप्पा, भिंतीत एक दार पाडा. मीटरभर रुंद."

"कशाला? पाच मिनिटं हाय म्हणून बोर्डावर लिव्हलंय की."

"तेवीस लागतात. तीनदा मोजलंय."

"तुझे पाय बारके, पोरी. उद्या मी येतो तुझ्यासंगं. तुझा ड्रम भरला की निघू. गाडी चुकली तर भिंत मीच फोडतो!"

"चालतंय," पंचशीला म्हणाली. अंगणाबाहेर आल्यावर तिच्या डोक्यात उजेड पडला. गाडी चुकली तर दार मिळणार, पण नोकरी जाणार. गाडी मिळाली तर नोकरी राहणार, पण दार जाणार. बी.एस्सी. झालेल्या मुलीला हे आधी सुचायला हरकत नव्हती.

सोमवारी अप्पा पांढरंशुभ्र धोतर नेसून, काठी आपटत निघाले. पहिल्याच दारात शांतम्मा झाडत होती.

"अगं बया, अप्पा चालत? कुठं निघालाव?"

अप्पा जागीच थबकले. निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारलं की काम बिघडतं. मग पुन्हा टेकायचं, तोंडात काहीतरी टाकायचं आणि नव्यानं निघायचं. अप्पांनी हे साठ वर्षं पाळलं होतं. ते ओट्यावर बसले. शांतम्मानं गुळाचा खडा दिला. दोन मिनिटं गेली.

दुसऱ्या दारात तेच. तिसऱ्या दारात तेच, वर शेंगदाणे. जन्मभर स्कूटरवरून गेलेला माणूस पायी दिसल्यावर कोण गप्प बसणार? पंचशीलानं चालण्याचा वेग ताशी चार पूर्णांक आठ किलोमीटर धरला होता. दारं तिनं धरलीच नव्हती. चौथ्या ओट्यावर अप्पा टेकले तशी ती जी हसत सुटली, ती थांबेना.

"हसतीस काय? किती वेळ राहिला?"

"सहा मिनिटं."

"आन् दारं?"

"सत्तावन्न!" डोळे पुसत ती म्हणाली. "माझी नोकरी गेली, अप्पा. आज तिसरी खेप."

अप्पांच्या तोंडातला गूळ विरघळायचा थांबला. "आधी सांगावं न्हाई का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पैज लावली असती?"

अप्पा ताडकन उठले. "चल मागं! भिंतीवरून जा!" आणि मागच्या चारही दारांकडं काठी रोखून ओरडले, "कुणी तोंड उघडायचं न्हाई!"

भिंतीपाशी बाया ड्रमांवर झाकणं बसवत होत्या. पंचशीलाची आई, धुरपताबाई, कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. "पंची, इकडं कशाला आलीस?"

"गाडीला!" म्हणत पंचशीला भरल्या ड्रमावर चढली, भिंतीवर टांग टाकली आणि पलीकडं धपकन उतरली. बाभळीतून ती सुसाट पळाली. मागून अप्पांचा आवाज येत होता, "पळ, पोरी, पळ! इंजिन दिसायलंय!"

डब्याच्या दारात पोचल्यावर तिनं घड्याळ पाहिलं. भिंतीपासून दीड मिनिट. मग मागं पाहिलं. इंजिन बघायला अप्पाही ड्रमावरून चढले होते आणि आता घोड्यावर बसावं तसे भिंतीवर बसले होते. धोतर भिंतीतून वर आलेल्या सळईत अडकलेलं. ना इकडं उतरता येईना, ना तिकडं.

"अप्पा, पैज तुम्हीच जिंकलाव की! गाडी मिळाली तिला!" धुरपताबाई इतकी मोठ्यानं ओरडली की फलाटावर ऐकू आलं.

"जिंकून काय करू, बाई? उतरू कसा?" अप्पांनी काठी भिंतीवर दणकन हाणली. "पहार आणा! इथंच दार पाडा, माझ्या शेजारी. आन् बेतानं!"

गाडी हलली तेव्हा कुणीतरी पहिला घाव घातला होता. डब्यातल्या बायका पंचशीलाला सरकून जागा देत विचारत होत्या, ताई, हसायला एवढं झालं तरी काय?