मंगळवारची बाटली

दारूच्या बाटलीवर माझा विश्वास नाही, आणि कंपनीच्या माणसावर तर मुळीच नाही. त्यामुळे माझी मुलगी स्नेहल रविवारी दुपारी दोन बाटल्या घेऊन पुणतांब्याला आली, तेव्हा मी आधी रस्त्याकडे बघितलं. मागून तिचा साहेब येतोय की काय. कोणी नव्हतं. तरी मी फाटक लावून घेतलं.

स्नेहल राहुरीला शिकली आणि नाशिककडच्या एका वाइन कंपनीत लागली. चार वर्षांपूर्वी तिच्याच हट्टापायी मी एक एकरातली खायची द्राक्षं काढून वाइनची लावली. या बाटल्या त्याच वेलींच्या, गेल्या वर्षीच्या जानेवारीतल्या मालाच्या.

"गुरुवारी साहेब चाखणार हायेत," ती म्हणाली. "पसंत पडली तर यंदापासून ह्या वाइनचं सगळं काम माझ्याकडं. न्हाईतर मी परत लॅबमधी बाटल्या मोजत बसणार. त्याआधी तुमी चाखा, आप्पा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"न्हाई कळत म्हणूनच. तुमी तोंडावर खरं सांगाल."

तिच्या आईने, रंगुबाईने, बाटल्या उंबऱ्याच्या आत येऊ दिल्या नाहीत. म्हणून आम्ही द्राक्षाच्या शेडमध्ये बसलो. धार काढायच्या बादलीत बर्फ, बर्फात बाटल्या. एकीच्या गळ्याला पांढरा दोरा, दुसरीच्या तांबडा. लेबल कशालाच नाही. बिनलेबलाचं औषध मी फवारायलासुद्धा घेत नाही, आणि इथे तर प्यायचं होतं.

"शॅम्पेन म्हणतात ती हीच ना?"

"आपल्या बाटलीला शॅम्पेन म्हणायचं न्हाई. ते फ्रान्समधल्या एका भागाचं नाव हाय. तिथं पिकलेल्या द्राक्षाच्या वाइनलाच ते लावतात. करायची रीत मात्र तीच."

म्हणजे नावापासूनच गोंधळ. टीव्हीवर जिंकलेले लोक ही एकमेकांच्या अंगावर उडवतात, ते मी पाहिलंय. चांगली वस्तू कोणी अशी अंगावर ओतत नाही.

तिने बूच घट्ट धरलं आणि बाटली हळूच फिरवली. मी कानावर हात नेले होते, पण नुसता सुस्कारा ऐकू आला. उंच ग्लासात तिने पांढऱ्या दोऱ्याची चार बोटं ओतली. बुडातून बारीक बुडबुडे एकामागे एक वर येत होते. कुठून येतात म्हणून मी ग्लास उचलून खालूनही बघितला.

"आधी वास घ्या."

कैरी चिरल्यावर येतो तसा वास होता, आणि त्यामागे भाजलेल्या पावाचा. मी घोट घेतला. नाकात झिणझिण्या आल्या, डोळ्यांत पाणी.

"आंबट हाय," मी म्हणालो.

"असू द्या. आता लगेच गिळू नका. जरा जिभेवर फिरवा."

फिरवलं. पहिल्यापेक्षा बरं लागलं, पण तसं मी बोललो नाही. रंगुबाईने बाटल्यांना घर बंद केलं होतं, पण तळलेल्या कुरडया न मागता पाठवल्या होत्या. एक कुरडई खाऊन मी तिसरा घोट घेतला. तोंडातलं सगळं तेल धुऊन निघालं आणि पुन्हा खावंसं वाटलं. आंबटपणा तोच होता, पण आता तो हवासा वाटत होता. मी ग्लास पुढे केला. पोरीने माझ्याकडे बघितलं.

"खात्री कराया पायजे," मी म्हणालो.

ती हसली. मग तांबड्या दोऱ्याची बाटली उघडली.

हिचा वास जास्त गोड होता. मी मनात म्हटलं, ही खरी. पण घोट घेतला तर ती जिभेवर बसूनच राहिली. बुडबुडे होते, पण दम नव्हता. कुरडईनंतर घेतली तर तोंड आणखी चिकट झालं. मी पुन्हा पांढऱ्या दोऱ्याकडे गेलो, पुन्हा तांबड्याकडे. तीन वेळा.

"ही बसकी हाय," मी म्हणालो. "पहिली चांगली."

स्नेहलने ग्लास खाली ठेवला. "तुमी पहिल्याच दिवशी वळखलं. साहेब तर वळखणारच. पांढरा दोरा मंगळवारच्या तोडीचा. तांबडा पुढच्या बुधवारचा."



त्या बुधवारचं असं झालं होतं. कंपनीने सांगितलं होतं, साडेसतरा शुगर लागली की सगळा माल एका दिवसात तोडायचा. सतरा शुगरचा माझा टेम्पो एकदा व्यापाऱ्याने आंबट म्हणून भरल्या गाडीनं माघारी पाठवला होता. ती द्राक्षं मी म्हशींपुढे टाकली. तेव्हापासून गोडी मोजायचा ब्रिक्स मीटर माझ्या खिशात असतो. दोन थेंब काचेवर टाकून शुगर बघितल्याशिवाय मी घड तोडत नाही. आणि आता हे शिकलेले लोक कच्चा माल मागत होते. उद्या हेच आंबट म्हणून परत करतील, माझी पक्की खात्री होती. म्हणून मंगळवारी अर्धाच माल दिला. उरलेला वेलीवर ठेवला आणि स्नेहलला फोन केला, की आमची द्राक्षं तोडणारी बायडाबाईची टोळी कारखान्याच्या ऊसतोडीला गेली. आठ दिवसांनी साडेवीस शुगर लागली, तेव्हा मी मिशीला पीळ देऊन टेम्पो भरला.

"साहेबांनी तवाच ऐकवलं," स्नेहल म्हणाली. "स्वतःच्या बापाचा प्लॉट ठरल्या दिवशी तोडून घेता येईना, त्या पोरीच्या हातात बाकीचे प्लॉट कसे द्यायचे? बरोबरच हाय त्यांचं. टोळीचं नियोजन माझं चुकलं, असं लिहून दिलंय मी. बायडाबाईशी तर तवापासून बोलत न्हाई."

वर्षभर पोरीने बायडाबाईवर संशय घेतला, स्वतःवर घेतला. माझ्यावर घेतला नाही. ती जात्याच भोळी नाही, माझीच लेक आहे. मलाच तेवढं वगळलं होतं तिने.

पांढऱ्या दोऱ्याचा एक घोट ग्लासात उरला होता. तो तसाच ठेवून मी म्हणालो, "बायडाबाई आल्ती त्या दिवशी. बारा बाया घिऊन, दिवस उगवायच्या आत. अर्धा माल तोडून झाल्यावर मीच त्यान्ला घरी धाडलं."

"का?"

"गोडी भरावी म्हणून. तुमची कंपनी माल परत करंल असं वाटलं."

"कंपनी कोण, आप्पा? माल मी मागितलाता."

तिने दोन्ही बाटल्यांना बुचं लावली.

"गुरुवारी साहेबांपुढं हे सांगाल?"

"सांगन. आज बायडाबाईकडं बी जाऊन येतो."

तिने मान हलवली आणि माझ्यापुढे हात पसरला. मला वाटलं, ग्लास मागतेय. मी ग्लास दिला. तिने तो बाजूला ठेवला आणि हात तसाच पुढे धरला.

"मीटर द्या. यंदा शुगर मी मोजीन."

मी खिशातून मीटर काढला, धोतराच्या सोग्याने काच पुसली आणि तिच्या हातात दिला.