लंबक मागे पडतो

घड्याळकाकांनी कुत्रा घरी आणला तेव्हा काकूंनी कुत्र्याकडे पाहिलंच नाही, काकांकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात ज्या माणसाने स्वतःचा टॉवेल कधी वाळत घातला नव्हता, तो आज एका जिवाची जबाबदारी दोरीला बांधून दारात उभा होता.

"अहो, याला अंघोळ कोण घालणार?"

"मी."

"फिरवणार कोण?"

"मी."

"आणि तुम्हाला अंघोळीला कोण पाठवणार?"

यावर कुत्र्याने शेपूट हलवलं. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, ते इतक्या समान अंतराने की काकांनी मनगटावरच्या घड्याळात बघून मोजलं. मिनिटाला साठ. एक कमी नाही की एक जास्त नाही. तिथल्या तिथे त्याचं नाव लंबक पडलं.

लंबक अजून त्यांचा झाला नव्हता. बेवारस प्राण्यांच्या आश्रयगृहाने तो तीन महिन्यांच्या बोलीवर दिला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नव्हता. "काका, दीड महिन्याने मी तपासायला येईन, आणि तीन महिन्यांनी पुन्हा. सगळं ठीक असेल तर कागदावर सही करा, कुत्रा तुमचा. नसेल तर परत नेईन. रडलात तरी नेईन." सोबत एक यादी दिली होती. दोन वेळा मोजून खाणं, ताजं पाणी, लस, जंताचं औषध, नखं, कान, रोजचं फिरणं.

काका जन्माचे घड्याळदुरुस्तीवाले; यादी वाचून त्यांना हायसं वाटलं. हे तर त्यांचंच काम! भिंतीवरच्या घड्याळाला ठरल्या वेळी चावी द्या, धूळ झटका, अधूनमधून उघडून साफ करा, की ते आजोबांपासून नातवापर्यंत चालतं. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाला बांधतात तशी चिठ्ठी त्यांनी लंबकाच्या पट्ट्यालाही बांधली. वर तारीख, खाली "तक्रार: काही नाही".

आणि लंबक वेळेला लागला. काय लागला म्हणून सांगावं! सहा वाजून दहाला पाणी, सहा वीसला उंबऱ्याबाहेर पहिला पाय, सहा सत्तावीसला शाळेसमोरच्या खांबाशी मागचा पाय वर. महिन्याभरात गल्लीला त्याची इतकी सवय झाली की खांबाशी पाय वर झाला की शाळेचा शिपाई फाटक उघडी. संध्याकाळी लंबकाचं नाक बेकरीच्या दारातून पुढे सरकलं की बेकरीवाला भट्टीतून टोस्टचा ट्रे बाहेर ओढी. पोस्टातल्या घड्याळाने एकदा लंबकापेक्षा दोन मिनिटं पुढे जायचा आगाऊपणा केला, तर पोस्टमास्तरांनी लंबकाला नव्हे, घड्याळाला दटावलं.

हळूहळू घराघरांतली घड्याळं बंद पडली आणि ती दुरुस्तीला आणायची कुणाला गरजच वाटेना. सगळ्या गल्लीत एकच घड्याळ चालत होतं, आणि त्याला चार पाय होते.

"मालकाच्या पोटावर पाय देणारा कुत्रा मी पहिल्यांदाच बघतेय," काकू म्हणाल्या. काकांना मात्र अभिमानाने सदरा तंग होत होता.

तंग लंबकाचा पट्टाही होत होता. दोन भोकं ढिला करावा लागला. मग लंबक मागे पडू लागला. आधी दोन मिनिटं, मग पाच, मग अकरा. खांबापाशी पोचला की तो पाय वर करण्याआधी जरा विचार करी.

घड्याळ मागे पडतं त्याची कारणं काकांच्या लेखी दोनच. एक तर तेल सुकलेलं, नाहीतर चाल मंद. त्यांनी दोन्ही उपाय केले. लंबकाच्या खाण्यात सकाळ-संध्याकाळ चमचा चमचा तेल घातलं, आणि चाल वाढवायची म्हणून त्याला दहा मिनिटं आधी बाहेर काढू लागले. तेलाने लंबकाचे केस असे चकाकले की सलूनवाला त्याच्या पाठीत बघून स्वतःचा भांग पाडी. पण लंबक मागे पडला तो पडलाच.

दीड महिना भरला त्या दिवशी डॉक्टरीणबाई वजनाचा काटा घेऊन आल्या. लंबकाने काट्यावर पाय ठेवायला साफ नकार दिला. मग काका त्याला उचलून काट्यावर चढले. दोघं मिळून ब्याण्णव किलो. एकटे काका सत्तर.

"म्हणजे हा बावीस," बाई म्हणाल्या. "दिला तेव्हा अठरा होता! काय खायला घालता याला?"

"यादीत आहे तेवढंच. मोजून. आणि तेल."

"तेल?"

"दोनच चमचे. मागे पडत होता ना."

बाईंनी गळ्यातली नळी काढून टेबलावर ठेवली. "काका, तो मागे पडत नाही, तो दमतो. कुत्र्याच्या बरगड्या हाताला लागायला हव्यात. मला इथे कुत्राच लागत नाहीये, नुसतं तेलच तेल! आणि दोन चमच्यांनी चार किलो वाढत नाहीत. बाहेर कोण घालतं खायला?"

"छे! मी स्वतः बरोबर असतो."

"बरोबर असता," आतून काकूंचा आवाज आला, "पण बघता कुठे? मनगटावर!"

संध्याकाळी बाई दहा पावलं मागे राहून त्यांच्या मागोमाग फिरल्या. काका घड्याळाकडे बघत पुढे चालले होते, आणि मागे लंबकाचा सत्कार समारंभ चालला होता. बेकरीवाल्याने टोस्टचं टोक दिलं, सलूनवाल्याने बिस्किट, शाळेच्या शिपायाने डब्यातलं अर्धं अंडं, पोस्टमास्तरांनी चीजचा तुकडा. घरी पोचेपर्यंत बाईंनी चौदा घास मोजले.

"हा आणखी सुटला तर याचे सांधे जातील, हृदय थकेल," बाई म्हणाल्या. "उपाशी मारायचं नाही, वजन झपाट्याने उतरवायचं नाही. पण दीड महिन्यात वीसवर यायला हवा. नाही आला, तर पट्टा माझ्या हातात द्यायचा."

काकांची पाचावर धारण बसली. त्या रात्री ते जेवले नाहीत. लंबक मात्र मोजून जेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरोघर जाऊन हात जोडले. सगळे एकमताने म्हणाले, "लंबकाच्या तब्येतीपुढे काय!" आणि संध्याकाळी सगळ्यांनी एकमताने एकेकच तुकडा दिला.

"अहो काका, एका तुकड्याने काय होतंय?" बेकरीवाला म्हणाला.

हेच वाक्य काकांनी चौदा दारांत ऐकलं. घोडं इथेच पेंड खात होतं, नि कुत्रं टोस्ट.

आता एकच मार्ग उरला. लंबक कधी येणार आणि कुठून येणार हे गल्लीला कळताच कामा नये. पण ज्या माणसाने जन्मभर काट्याला काटा जुळवला, त्याने हाताने वेळ बिघडवायची म्हणजे गवयाला मुद्दाम बेसूर गा म्हणण्यातला प्रकार! पहिल्या दिवशी मनगटावरचं घड्याळ काढायला काकांनी इतका वेळ लावला की काकूंना वाटलं, बोटातली अंगठी विकायला काढली.

मग एक दिवस ते साडेपाचला मागच्या बोळातून निघाले, दुसऱ्या दिवशी आठला कालव्याच्या कडेने. घड्याळ नसल्यामुळे काकांना प्रथमच लंबक दिसला. तो गवताच्या एकाच काडीला पाच मिनिटं हुंगतो, पुलापाशी थांबून पाण्याशी भांडतो, आणि त्याला कावळा आवडत नाही, हे त्यांना आत्ता कळलं.

इकडे गल्लीत हाहाकार. बेकरीच्या टोस्टचा कोळसा झाला. सलूनवाल्याने दुकान इतक्या लवकर उघडलं की पहिलं गिऱ्हाईक म्हणून कोंबडा आला, नि तोही तुरा कापू देईना. शाळेचं फाटक एके दिवशी दुपारपर्यंत उघडलं नाही. मुलांनी भक्तिभावाने खांबाला हार घातला.

चौथ्या दिवशी मंडळी काकांच्या दुकानात येऊन थडकली.

"काका, गल्लीचा काही विचार कराल की नाही?" शिपाई म्हणाला. "हेडमास्तरांनी माझी खरडपट्टी काढली."

"घरी घड्याळ आहे ना?"

"आहे. पण बंद आहे."

"माझंही," पोस्टमास्तर म्हणाले.

"मग आणा की इथे," काका म्हणाले, आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांना संध्याकाळी कळलं.

एकेचाळीस घड्याळं आली. दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. लोक दिवसातून तीनदा विचारायला येत. एके सकाळी पोस्टमास्तरांचं घड्याळ पोटापासून उघडं पडलं होतं, चक्रं कागदावर मांडलेली होती, नि स्वतः पोस्टमास्तर समोर बसले होते. तेवढ्यात लंबक उठला, दाराकडे गेला आणि काकांकडे वळून पाहू लागला.

उघडं घड्याळ सोडून उठायचं नाही, हे काकांच्या वडिलांनी त्यांना छडी मारून शिकवलं होतं.

"हे संपवा आधी," पोस्टमास्तर म्हणाले. "कुत्रं थांबेल."

"चक्रं थांबतील," काका म्हणाले. "त्याला लागलीय." त्यांनी चक्रांवर काचेचं झाकण ठेवलं, पोस्टमास्तरांना "हात लावू नका" म्हटलं आणि दोरी उचलली.

असं रोज दोनदा चाललं. मधल्या काळात त्यांनी नखं कापली, कान पुसले, लसीची तारीख पाळली, आणि एकदा तर लंबकाचा टॉवेल स्वतः धुऊन वाळत घातला. काकूंनी तो टॉवेल शेजारणीला नेऊन दाखवला.

ठरल्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. काका लंबकाला छातीशी धरून काट्यावर चढले. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"चौऱ्याऐंशी," बाई म्हणाल्या. "दोघांचे मिळून. म्हणजे सत्तर वजा केले तर... चौदा?" त्यांचा चेहरा कडक झाला. "काका! उपाशी ठेवलात त्याला?"

"नाही हो! मोजून दिलंय, विचारा हिला!"

"ताई, आधी यांना एकट्यांना चढवा काट्यावर," काकू म्हणाल्या. "पँट बघा, दोरीने बांधलीय."

काका एकटे चढले. चौसष्ट.

"म्हणजे हा वीस!" बाई हसत सुटल्या. "कुत्र्याचे दोन गेले, तुमचे सहा! तो हुंगतो तेव्हा तुम्ही काय पळत असता का? घ्या, करा सही."

काकांनी घड्याळं बघायचं भिंग डोळ्याला लावून कागद वाचला. "यात मुदत कुठे लिहिलीय? मी दुरुस्तीची हमी वर्षभराची देतो."

"मुदत त्याच्या आयुष्यभराची. दहा वर्षं, बारा वर्षं. त्यात तो म्हातारा होईल, आंधळा होईल, अंथरुणात ओलं करेल. आम्ही कुत्र्याची हमी देत नाही काका, तुमची घेतो."

काकांनी बोटांवर हिशेब केला. सहासष्ट अधिक बारा. "म्हणजे मला अठ्ठ्याहत्तरपर्यंत चालावं लागणार."

"रोज दोनदा."

त्यांनी सही केली, ती पहिल्याच दमात, वळणदार.

काकूंनी समोर तीन अंड्यांचं ऑम्लेट आणून आदळलं. "आधी हे गिळा. याला बारा वर्षं चालवायचंय तर तुम्हाला टिकवायला हवं."

काकांनी पहिला घास उचलला. लंबक समोर येऊन बसला. त्याने मान तिरकी केली, एक कान पाडला आणि डोळ्यांत असा भाव आणला की दगडाला पाझर फुटावा. काकांचा हात अर्ध्यावर थांबला. बाई बघत होत्या, काकू बघत होत्या.

"एका तुकड्याने..." काकांच्या तोंडून निघालं.

मग त्यांनी खुर्ची फिरवली, भिंतीकडे तोंड केलं, आणि ऑम्लेटचा शेवटचा कण संपेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.