चौदा नंबरचा पाया

आमच्या रांगेत सहा घरं. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीची, भिंतीला भिंत लावून उभी, आणि सहाही घरांचा भार जमिनीखालच्या लाकडी खांबांवर. पाच वर्षांपूर्वी शेजारी राहणाऱ्या कोबा नावाच्या बाईच्या घराच्या भिंतीला तडा गेला, म्हणून तिने एक माणूस बोलावला. त्याने तिच्या बागेत खड्डा खणला, खांबाचा तुकडा तपासायला नेला आणि महिन्याभराने चाळीस पानी अहवाल पाठवला. खांबांची डोकी कुजली आहेत. दहा-पंधरा वर्षांत सहाही घरांचा पाया एकदम बदलावा लागेल. एकट्याने करून उपयोग नाही.

कोबाने रांगेतल्या सगळ्यांना कॉफीला बोलावलं. "मी एक्याऐंशीची आहे," ती म्हणाली. "पंधरा वर्षांनी मी खांबांच्याही खाली असेन." सगळे हसले. अहवाल कुणाला दाखवायचा नाही असं ठरलं, आणि तो माझ्याकडे ठेवायचा असंही ठरलं. "लोरेन्सच्या पुस्तकांत गेलेला कागद कुणाला सापडणार आहे?" कोबा माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. मी तीस वर्षं वाचनालयात पुस्तकांच्या सूची केल्या आहेत. मला तो डोळे मिटून सापडला असता. पण बहुधा मीही हसलो असेन.

रांगेतल्या चौदा नंबरच्या घरातला हरमेन वारला तेव्हा त्याच्या पुतण्याने घर विकायला काढलं. पुतण्या इथे कधी राहिलेलाच नव्हता. तसं एक कलमही त्याने करारात घातलं: विकणाऱ्याला घराची काही माहिती नाही. ते खरं होतं. माहिती आम्हाला होती.

घर घेतलं योरीनने. ती शहर बस चालवायची. चाळिशीच्या आतली, पदरात एक मुलगी, नऊ वर्षं भाड्याच्या दोन खोल्या. बाग असलेलं घर एवढ्या किमतीत आता कुठे मिळत नाही. गुरुवारी तिने सही केली आणि शुक्रवारी दुपारी माझी बेल वाजवली. सही केल्यावर घेणाऱ्याला तीन दिवस विचाराला मिळतात. मध्ये शनिवार-रविवार आल्यामुळे तिची मुदत सोमवार संपेपर्यंत होती. तोवर कारण न देता माघार घेता येते.

"किती वर्षं राहताय इथे?" तिने विचारलं.

"सदतीस."

"मग तुम्हालाच विचारते. दलाल काय, गोडच बोलणार. तुमची मुलगी असती तर घेऊ दिलं असतं तिला हे घर?"

"मला मुलगी नाही," मी म्हणालो.

ती हसली. तिला ती थट्टा वाटली. मग माझ्या कपाटासमोर मान कलती करून उभी राहिली. "हे तिरकं आहे की मी?"

कपाटाच्या डाव्या पायांखाली मी दरवर्षी एक पुठ्ठा सरकवतो. तेव्हा नऊ झाले होते.

"जुनी घरं," मी म्हणालो. "अशीच असतात."

"हो, करारातही लिहिलंय. जुन्याकडून नव्याची अपेक्षा करू नये." तिने कॉफी संपवली. "पण गल्ली किती शांत आहे हो. बसमध्ये दिवसभर लोक माझ्यावर खेकसत असतात." जाताना तिने फोन नंबर आणि सध्याचा पत्ता लिहून दिला. "काही आठवलं तर सोमवारपर्यंत सांगा. नंतर आठवलं तर मनातच ठेवा."

ती गेल्याबरोबर कुंपणापलीकडून कोबा. "काय विचारत होती?"

"घराबद्दल."

"आणि तू काय बोललास?"

"काही नाही."

"शहाणा आहेस. हिने नाही म्हटलं तर पुढचा घेणारा पाया तपासायला माणूस घेऊन येईल. मग माझं घर कोण घेणार? वृद्धाश्रमात जाऊन तुझी पुस्तकं खाऊ का?"

मला तिचंही पटलं. कुणाचंही पटायला मला फार वेळ लागत नाही.

शनिवारी सकाळी मी पत्र लिहायला बसलो. फोनवर माझा आवाज बसतो. पत्रात शब्द निवडता येतात. सहा वेळा लिहिलं. 'कुजले' की 'खराब झाले'? 'आम्हाला माहीत आहे' की 'मला'? शेवटी 'मला' ठेवलं, शेजाऱ्यांना कशाला ओढायचं. अहवालाची दोन पानं जोडली आणि दुपारी कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं. परत येताना फार हलकं वाटत होतं.

आमच्याकडे सोमवारी टपाल वाटत नाहीत. शनिवारी टाकलेलं पत्र मंगळवारी मिळतं, हे इथे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. माझ्या ते सोमवारी सकाळी बटाटे सोलताना लक्षात आलं. लक्षात आलं असं मी म्हणतो. तिचा नंबर टेबलावर होता आणि अख्खा दिवस पुढे होता. मी बटाटे उकडले, खाल्ले, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचलं. दोनदा फोन उचलला. दुसऱ्या वेळी चार आकडे दाबलेही.

मे महिन्यात ती राहायला आली. आठवड्याभराने माझ्या दारात उभी राहिली, हातात पत्र. आत या म्हटलं तर आली नाही.

"यावर शनिवारची तारीख आहे."

"हो."

"सोमवारी टपाल नसतं, हे माहीत नव्हतं तुम्हाला?"

नाही म्हणता आलं असतं. या वयात लोक विश्वास ठेवतात.

"होतं," मी म्हणालो.

तिने आवाज चढवला नाही. रोज खेकसणाऱ्या माणसांशी बोलून तिला तशी सवय असावी.

"मग लिहिलंत कशाला? मंगळवारी मागे फिरले असते तर किमतीच्या दहा टक्के दंड भरावा लागला असता. तेवढे पैसे मला जन्मात दिसले नाहीत. आणि आता उद्या हे घर विकायचं झालं, तर त्या पुतण्यासारखं 'मला काही माहीत नाही' असं मला म्हणता येणार नाही. तुम्ही मला कळवलंय. लेखी."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. सहाही वेळा नाही.

"मी साक्ष देईन," मी म्हणालो. "कुणालाही सांगेन, की…"

"नको. तुम्ही आता काही सांगू नका." तिने पत्र माझ्या हातात दिलं. "हे माझ्या घरात नको. तुम्ही लिहिलं नाहीत, मी वाचलं नाही. कळलं?"

मी पत्र घेतलं आणि मान हलवली.

कुंपणापलीकडून कोबाने तिला हाक मारली, केक केलाय, लेकीला घेऊन ये म्हणून. "आलेच," योरीन म्हणाली, आणि जाताना माझं दार तिनेच ओढून घेतलं.