हनिमूनची पाठराखीण

आमच्या हनिमूनला आम्ही तिघं होतो. मी, नवरा आणि माझी शालूआत्या.

लग्न शहाण्णवच्या मे महिन्यात झालं. मी कुंडलची, उसाच्या सपाट रानातली. सासर मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. नवरा, वीरधवल, फौजेत. पलटणीतल्या कुणीतरी हनिमूनचं खूळ त्यांच्या डोक्यात भरवलेलं. पूजा आटोपल्यावर त्यांनी सासूबाईंना सांगून टाकलं, "आमी दोघं वर सड्यावर जाऊन येतो. धनगरवाड्यात मुक्काम करतो न् उद्या परत."

सासूबाईंना हनिमून ठाऊक नव्हता, रीत मात्र ठाऊक होती. "वल्या हळदीची पोर रानावनात न्ह्यायची, आन् संगं पाठराखीण नको व्हय?"

माहेराहून पाठराखीण म्हणून आलेली आत्या समोरच पान खात बसली होती. ती लगेच लुगडं सावरून उठली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. नवऱ्याने नुसती मान डोलावली. फौजेत हुकूम मोडत नसतात म्हणे.

मला खरं तर डोंगर नकोच होता. मला त्यांच्याकडून एकांतात एक वचन हवं होतं, आठवड्याला एक पत्र टाकायचं. रजा संपत आली होती, आणि पत्र न आलेल्या बाईचं काय होतं ते मी लहानपणापासून घरातच बघत आले होते. आत्याचा नवराही फौजेतलाच. वर्ष उलटून गेलं तरी त्याची एक ओळ आली नाही, तेव्हा 'मला टाकली' म्हणत ती माहेरी आली. पुढे तो रजेवर न्यायला आला, तर हिने त्याला परत धाडला. त्याने दुसरी केली. आत्या आमच्याकडेच राहिली, ती कायमची. मला तसलं जिणं नको होतं.

चढ लागला आणि माझा जीव मेटाकुटीला आला. नव्या चपलेने टाच सोलली. हातातला हिरवा चुडा घामाने चिकटला. नवरा पाठीवर पिट्टू, म्हणजे फौजेतली पिशवी, घेऊन पुढे, मधे आत्या, मागे मी. मी "आवं" म्हटलं की आत्या मागे वळायची. "काय गं, तहान लागली?" तहान लागली नव्हती, पण काय सांगणार? तीन वेळा असं झाल्यावर मी तोंड मिटलं.

अर्ध्या वाटेत आत्याचे गुडघे बोलायला लागले. ती खडकावर बसली ती उठेचना. नवऱ्याने पिट्टू काढून माझ्या खांद्यावर दिला आणि आत्याला पाठुंगळी घेतलं. जेजुरीला नवरे नव्या बायकोला उचलून पायऱ्या चढतात. आमच्यात आत्याला मान! मी त्या ओझ्याखाली वाकून मागून चालत होते आणि मनातल्या मनात दोघांचा उद्धार करत होते.

डोंगरमाथ्यावरच्या सपाट सड्यावर पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आत्या आमच्याकडे पाठ करून, तोंडावर पदर घेऊन आडवी झाली. मी टाच चोळत बसले आणि धीर करून विचारलं, "आवं, आठवड्याला पत्र धाडाल नव्हं? शब्द द्या मला."

त्यांनी पिट्टूतला पाण्याचा तांब्या काढून माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "न्हाई द्यायचो."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढं रक्त आटवून वर आले ते हे ऐकायला?

"आता तुला कागद दिला आन् आईला चार वळी लिव म्हनलं, तर लिवशील?"

मी विचार करून पाहिला. पाणी प्यायला तांब्या उचलायचंही त्राण नव्हतं. मी नाही म्हणून मान हलवली.

"तिकडं बॉर्डरवर रोज ह्याच्या दुप्पट चढ आस्तो. पाठीवर वझं, खाली बरफ. बोटं वळत न्हाईत. तंबूत शिरलं की बूट काढायच्या आदी डोळा लागतो. लिवायचं रोजच मनात आस्तं बघ. पर न्हाई व्हत." ते माझ्या टाचेकडे बघत होते. "त्ये सांगून कुणाला पटत न्हाई. म्हनून तुला चालवत आनली."

माझा राग गेला असं नाही. पण त्याला धरून बसायचीही ताकद उरली नव्हती. मी म्हटलं, "जमंल तवा धाडा मग." त्यांनी नुसतं "व्हय" म्हटलं.

तेवढ्यात पदराआडून आवाज आला. "जावईबापू, समद्यांचंच आसं आस्तं का वं तिकडं?"

आम्ही दोघं दचकलो. ते म्हणाले, "व्हय आत्या."

"पयल्यापास्नं?"

"पयलं तर लय हाल हुतं. आमचं सुभेदार सांगत्यात."

आत्या उठून बसली. खाली दरीकडे बघत राहिली. मी सरकत जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला.

"न्याया आल्ता तवा त्यो भाईरनं हेच सांगत आसंल," ती म्हणाली, "मी आतनं कडी लावली हुती गं."