बस, चहा घेऊन येते

"हाच! या डॉक्टरनंच मारलंय तिला," ताई म्हणाली आणि पाय वर घेऊन सोफ्यावर आरामात बसली.

मी नुकतीच चहाचे कप घेऊन आत आले होते. पडद्यावर म्हातारा डॉक्टर जिना चढत होता, त्याच्या आधी त्याची सावली चढत होती. सिनेमा संपायला चांगला पाऊण तास होता.

"तुला गं काय माहीत?"

"अगं, वाटतोच मेला तसा!"

दर रविवारी दुपारी हेच. खिडक्यांचे पडदे ओढून आम्ही दोघी बहिणी जुने काळेपांढरे रहस्यपट बघतो. मी आधी बघून ठेवते आणि त्यातला चांगला तेवढा ताईला दाखवते. आणि ही बया पोलिसांच्या आधी खुनी ओळखून मोकळी! माझा नुसता जळफळाट होतो.

खरं तर खुनी कोण, यात मला फारसा रस नसतोच. मला आवडतो तो उजेड. खिडकीच्या पट्ट्यांतून माणसाच्या तोंडावर पडतो, अर्धा चेहरा दिसतो आणि उरलेल्या अर्ध्यासाठी आपण जीव मुठीत धरून बसतो. कुणी किंचाळत नाही, काही नाही. बाई शांतपणे हातमोजे काढते आणि इकडे आपण सोफ्याच्या कडेला सरकतो.

"दिवसभर काळ्यापांढऱ्या फिल्मा बघतेस, घरी येऊन परत तेच?" ताई चिडवते. खोटं कशाला बोला, एकतीस वर्षं मी इस्पितळात एक्स-रे काढते. त्या कामाचं एकच पथ्य आहे. दिसलं तरी बोलायचं नाही, सांगायचं ते डॉक्टरांनी. माणसं आमचा चेहरा वाचायला टपलेली असतात. तो कोरा ठेवणं मला पक्कं जमतं, असा माझा समज होता.

मंगळवारी सकाळी ताई डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन इस्पितळात आली. महिनाभर खोकला हटत नव्हता.

"हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या... धरून ठेवा."

"घ्या काय, घ्या? मी ताई आहे तुझी!"

"सवय गं. हलू नकोस."

काचेआडच्या पडद्यावर चित्र उमटलं. सिनेमात काळं दिसलं की घाबरायचं, आमच्याकडे उलट असतं. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला चांगला लिंबाएवढा पांढरा गोळा होता. असे मी किती पाहिलेत! चेहरा नीट केला आणि बाहेर आले.

"झालं?"

"झालं. रिपोर्ट परवा डॉक्टर देतील. तू बस, मी चहा घेऊन येते."

गाऊनच्या नाड्या सोडता सोडता ताईचे हात थांबले. ती माझ्याकडे बघत राहिली.

"धाकटे, मला खुनी कसा कळतो, माहितीये?"

"आत्ता काय त्याचं?"

"खरा माणूस पडद्यावर आला रे आला, की तू चहाला उठतेस. तोंडावर दिसू नये म्हणून. मी कुठली सिनेमा बघतेय? माझा डोळा तुझ्या उठण्यावर."

मी बोलायला तोंड उघडलं, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"नको. नोकरी आहे तुझी. डॉक्टर सांगतील ते. जा, आण चहा. साखर घाल भरपूर."

उपाहारगृहाच्या नळाखाली कप विसळायच्या निमित्तानं मी पोटभर रडले आणि मग दोन चहा घेऊन गेले.

गुरुवारी डॉक्टरांनी सांगितलं. रविवारी ताई नेहमीच्या वेळेला हजर! मी चहा आधीच करून थर्मासमध्ये भरून ठेवला होता. थर्मास आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला आणि सिनेमा लावला.

अर्ध्यात पडद्यावर एक बाई आली. हातमोजे काढले. ताईनं हळूच माझ्याकडे पाहिलं. मी उठले नाही. पडद्याकडे बघत तिचा कप भरला.

ताई शेवटपर्यंत बिचाऱ्या माळ्यावर संशय घेत बसली. सगळं उघड झालं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला.

"अगं बाई, ही होती होय!"

ती हसली, हसता हसता खोकली, मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "शेवटपर्यंत कळलं नाही बघ मला. बरं वाटलं."