उघडा राहिलेला नळ

"अहो, नळ!"

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसल्या बसल्या हिनं माझा दंड असा आवळला, की मला वाटलं आत सिनिकिवेचं काही बिनसलं. आमची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आज तिला आणि नातवाला घरी न्यायचं होतं.

"कसला नळ?"

"अंगणातला! बंद करायचा राहिला."

हिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आमच्या बुलावायोत नळाचं पाणी म्हणजे सरकारी पाहुणा. येणार म्हणतात, कधी ते सांगत नाहीत. म्हणून ही नळ उघडा ठेवून खाली पत्र्याची थाळी पालथी घालते. थाळी वाजली, की धावायचं. घराबाहेर पडताना मात्र नळ बंद केलाच पाहिजे, हा हिचाच कायदा, आणि आज तो मोडलाही हिनंच.

हिचे कायदे तरी किती! अंघोळ टबात उभं राहून करायची, ते पाणी भाजीच्या वाफ्याला. भांड्यांचं पाणी लिंबाला. दाढी करताना मी तांब्याभर जास्त घेतलं, की आतून आवाज येणार, "पाणघोड्याच्या कुळातले का हो तुम्ही?" जन्मभर बस चालवली मी, पण एवढे नियम कधी पाळले नाहीत.

याच कायद्यांपायी शेजारच्या मागुमेडेशी बोलणं तुटलं. विधवा बाई, एकटीच राहते. मागच्या दुष्काळात बंदी असताना तिनं फुलझाडांना पाइपनं पाणी घातलं. हिनं वस्तीच्या भर सभेत उभं राहून तिचं नाव घेतलं. तेव्हापासून एकीचं तोंड पूर्वेला, तर दुसरीचं पश्चिमेला.

"आज पाणी आलं आणि वाहून गेलं, तर मग कधी येईल देव जाणे," ही म्हणाली. "पोराला न्हाऊ कशानं घालू? बाळंतिणीचं सगळं कशात धुऊ?"

"मागुमेडेला फोन कर."

"मेले तरी करणार नाही."

"मग मी करतो."

"तुम्ही गप्प बसा." हिनं डोक्याचा रुमाल सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला. शेवटी माझ्या खिशातून फोन काढला. "हॅलो, मागुमेडे? मी गं, सिनिकिवेची आई. आमचा नळ..."

"राँग नंबर!" पलीकडून एवढं मोठ्यानं आलं, की मलाही ऐकू आलं. फोन बंद.

हिच्याकडे बघवेना.

"बरोबर आहे तिचं," ही हळूच म्हणाली. "तिच्या जागी मी असते तर हेच केलं असतं." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या बाईला चुकले म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मला तर जास्तच भीती वाटली.

टॅक्सीत ही नातवाला छातीशी धरून सगळ्या वाटेनं गटारं बघत होती. कुठं ओल दिसली, की म्हणायची, "बघा, आपलंच पाणी."

फाटक उघडलं, तर अंगणात चिखल नाही. नळ बंद. आणि भिंतीकडेला बादल्या भरलेल्या, टब भरलेला, तीन पायांचं बिडाचं भांडं भरलेलं, रंगाचे डबे, कोंबड्यांचं पाळं, एवढंच काय, माझी माती वाहायची एकचाकी गाडीसुद्धा काठोकाठ! माझ्या जिवात जीव आला आणि मी खो खो हसत सुटलो.

"हसा, सिनिकिवेचे बाबा, हसा!" मागुमेडे आमच्याच पायरीवर बसली होती, गुडघ्यापर्यंत भिजलेली. "थाळी अशी बडवत होती, की मेलेला उठून बसेल. आणि तू गं? बादली वाहायला लागलेली असताना फोन कसले करतेस? एक हात नळाला, एक बादलीला. फोन काय पायानं धरू?"

"मग राँग नंबर कशाला म्हणालीस?"

"इतक्या दिवसांनी तुझा फोन! मला वाटलं, चुकूनच लागला असणार."

सिनिकिवे हसली, आणि टाके दुखले म्हणून "आई गं" करत भिंतीला टेकली. ही मात्र भांड्यांकडेच बघत होती.

"तुझं भरलंस ना?"

"एकटीला असं किती लागतं?"

"भरलंस का, ते सांग."

"तुमची ती गाडी भरेपर्यंत गेलं की पाणी." मागुमेडेनं ओले हात झग्याला पुसले. "ते राहू दे. पोरगं कुणावर गेलंय, बघू."

हिनं नातू तिच्या मांडीवर ठेवला आणि सगळ्यांत मोठी बादली एका दमात डोक्यावर घेतली. चुंबळसुद्धा घेतली नाही. तशीच फाटकातून मागुमेडेच्या घराकडे तरातरा चालू लागली. पाणी डचमळून हिच्या रविवारच्या झग्यावर, रस्त्यावर सांडत होतं.

"अगं, सांडतंय!" मी ओरडलो.

"सांडू दे," ही म्हणाली.