अकराव्या सेकंदाला सुटणारं बटण

रणवीरने शेडचं शटर आतून खाली ओढलं आणि गिरिधरच्या तोंडावर ठोसा मारला. गिरिधर लेथवर आदळला. पितळेचा कीस कोपरात रुतला, तोंडात रक्ताची चव आली. रविवारची दुपार होती, ओरगडमच्या औद्योगिक वसाहतीत त्या गल्लीतल्या सगळ्या शेड बंद होत्या. म्हणूनच तर गिरिधर मालकाकडून किल्ली मागून आपलं खासगी काम करायला आला होता.

"अण्णा, थांबा, ऐका तरी..."

"अण्णा कुणाला म्हणतोस रे? माझ्या भावाची दोन बोटं गेली. मांडी अजून भरलेली नाही. आणि तू परत तेच बनवत बसलायस?"

ते टेबलावरच होतं. बोटभर लांबीची पितळी नळी, हाताने बनवलेली ई-सिगारेट. आत बॅटरी, वरच्या टोकाला वाफ करणारी तार, खालच्या टोकाला बटण. सर्किट नाही, फ्यूज नाही. बटण दाबलं की पिन बॅटरीला टेकते आणि तार तापते, सोडलं की बंद. सगळी भिस्त त्या बटणावर. गिरिधरच्या पहिल्या खेपेतलं बटण रणवीरच्या भावाने, अद्वयने, दाबून सोडलं, नळी पँटच्या खिशात टाकली, आणि बटण आतच अडकून राहून बॅटरी खिशातच फुटली होती. या वस्तूवर बंदी, त्यामुळे पोलिसांत कुणीच गेलं नाही.

"हॉस्पिटलात आमच्या आईला काय सांगितलंस?" रणवीरने त्याची कॉलर धरली.

"त्यानं... त्यानं हलकी बॅटरी घातली होती."

"अद्वय म्हणतो, बॅटरी तूच दिलेली. दोघांतला एक जण खोटं बोलतोय. आज बघूच. बॅटरी तुझी, बटण तुझं, हातही तुझा."

रणवीर सरकारी कारखान्यात फिटर होता. टेबलाला बसवलेला व्हाइस, वस्तू आवळून धरणारी ती लोखंडी पकड, कशी वापरायची हे त्याला सांगावं लागलं नाही. त्याने गिरिधरचा उजवा हात पाठीमागे पिरगळला आणि डावा व्हाइसच्या जबड्यात घातला. एका जबड्याला हाताची मागची बाजू, तळहातावर नळीचं बटण, नळीचं दुसरं टोक समोरच्या जबड्याला. मग मांडीने रेटत त्याने दांडा फिरवला. टिक. बटण आत गेलं.

"वेण्डा, अण्णा! नको!"

गिरिधर सवयीने मोजू लागला. एक. दोन. नव्या बटणात त्याने पिनच्या मागे एक बारीक स्प्रिंग घातली होती. करंट फार वेळ वाहिला की ती तापून मऊ पडते, बसते, आणि पिन बॅटरीपासून मागे सरते. सात चाचण्या घेतल्या होत्या. सहा वेळा बटण नऊ ते अकरा सेकंदांत सुटलं. एकदा सुटलंच नाही, आणि वाळूच्या बादलीत ठेवलेल्या बॅटरीने हातभर ज्वाळ ओकली होती. हे सगळं त्याच्या वहीत तारखेनिशी लिहिलेलं होतं.

चार. पितळ गरम झालं. सहा. कातडी चरचरली, वास आला. तो ओरडला, रणवीरने हात आणखी पिरगळला. खांद्यात काहीतरी कटकन वाजलं. आठ. नऊ. सुटलं नाही.

"बोल! चूक कुणाची?"

दहा.

"पुळी, अण्णा! चिंच! माझी चूक!" गिरिधर किंचाळला. "पितळ चमकावं म्हणून मी चिंचेनं घासलं होतं, आई समई घासते तसं. नीट धुतलं नाही. बटणाच्या भोकात राहिली, दमट हवेत चिकटली. नंतर त्याच खेपेतलं दुसरं बटण उघडून पाहिलं, आत हिरवा चिकटा होता. मला माहीत होतं!"

टिक.

पिन मागे पडली. अकरावा सेकंद. बटण सुटलं होतं, अगदी त्याने ठरवलं होतं तसं. नळी अजून चटके देत होती, पण आतला करंट थांबला होता. गिरिधर हुंदके देत हसायलाच लागला.

रणवीरने त्याचा उजवा हात सोडला.

"मी अद्वयला मारलं," तो म्हणाला. "हॉस्पिटलच्या खाटेवर. हाताला बँडेज होतं त्याच्या. म्हटलं, स्वतःची चूक दुसऱ्यावर ढकलतोस? थोबाडीत दिली. तेव्हा तू दारातच उभा होतास, गिरी. बघत होतास."

गिरिधरचं हसू थांबलं. तो तिथेच होता. काही बोलला नव्हता.

रणवीरने दांडा दोन्ही हातांनी धरला. त्या व्हाइसच्या एका फेऱ्याला जबडा पाच मिलिमीटर पुढे सरकतो; गिरिधरने एकदा कॅलिपरने मोजलं होतं. रणवीरने एक पूर्ण फेरा दिला. तळहातातली हाडं ओली काटकी मोडावी तशी मोडली.

मग त्याने खिशातून फोन काढला, अद्वयला लावला आणि गिरिधरच्या रक्ताळलेल्या तोंडाजवळ धरला.

"सांग त्याला," तो म्हणाला. "चिंचेपासून सुरू कर."